मदत देणाऱ्याची, मागणी कोणाची?

खोपोलीचे नाव निघाले म्हणजे बोरघाटाची चढण, टाटांचे वीजगृह आणि घाटाच्या पायथ्याशी दाटीने उभे राहिलेले कारखाने एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. या गावाशी जपानचे काही नाते होते असे आज सांगितले, तर कर्जत-खालापूरच्या नव्या पिढीतील विद्यार्थ्याला ते खरे वाटणार नाही. परंतु १९६० नंतरच्या दशकात भारत व जपान या दोन सरकारांनी मिळून भातशेतीची जी आठ प्रात्यक्षिक केंद्रे या देशात उघडली, त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले केंद्र खोपोलीचे होते. कर्नाटकात मंड्या, गुजरातेत व्यारा, बिहारात आरा, तसे महाराष्ट्रात खोपोली. परदेशातून आलेले शेतीतज्ज्ञ तेथे खाचरात उतरून लावणी करून दाखवीत होते, आणि ती पाहायला येणारा शेतकरी रायगडचा, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचा होता.

आज याच जिल्ह्यात जपानी सहकार्याचे नाव घेतले जाते ते अटल सेतूच्या संदर्भात. शिवडीहून निघून उरण तालुक्यातील चिर्ले येथे जमिनीला लागणारा, जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा आणि सुमारे सतरा हजार आठशे कोटी रुपये खर्चाचा हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच्या खर्चाचा मोठा भाग 'जायका' या जपानी सहकार्य संस्थेच्या कर्जातून उभा राहिला. एका टोकाला खोपोलीचे खाचर आणि दुसऱ्या टोकाला समुद्रावरचा पूल. या दोहोंमध्ये साठ वर्षांचा काळ आहे आणि जपानच्या परराष्ट्र साहाय्याचा सारा इतिहासही त्यात सामावलेला आहे. मात्र या प्रवासाची दिशा एकट्या जपानने ठरविली असे समजणे बरोबर होणार नाही. ती ठरविण्यात मागणाऱ्याचा वाटा देणाऱ्याइतकाच होता, आणि कर्जत-खालापूरच्या दृष्टीने विचार करण्याजोगी गोष्ट नेमकी तीच आहे.

चिखलातले सहकार्य

भातशेतीच्या जपानी पद्धतीची ओळख या देशाला खोपोलीच्याही आधी झाली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अन्नधान्याची टंचाई हा सरकारपुढील सर्वांत मोठा प्रश्न होता. बोरिवलीच्या कोरा केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ च्या सुमारास केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तिला देशव्यापी मोहिमेचे रूप दिले. पद्धत अशी की, बियाणे थोडे वापरावे; रोपे गादीवाफ्यावर तयार करावीत; लावणी दोरी धरून सरळ ओळीत करावी; दोन ओळींमधून कोळपे फिरवावे आणि खत हात राखून न देता हिशोबाने द्यावे. यात यंत्रतंत्राचा चमत्कार काही नव्हता. होती ती निगा.

कोकणातील शेतकऱ्याला या निगेत नवे काय होते, हे समजण्यासाठी येथील रीत आठवावी लागेल. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून उन्हाळ्यात राब भाजायचा, त्यावर पेरायचे आणि आषाढात रोपे उपटून हाताला येतील तशी लावायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. तिच्यामागे अनुभवाचे शहाणपण होते, पण डोंगरातील झाडीची छाटणीही होती. गादीवाफा आणि ओळीतली लावणी यांनी या वहिवाटीपुढे एक पर्याय ठेवला. तो सगळ्यांनी स्वीकारला नाही. ओळीतल्या लावणीला मजुरी जास्त लागते, खताला रोख पैसा लागतो, आणि ज्याचे खाचर पावसाच्या लहरीवर अवलंबून आहे तो शेतकरी एवढा खर्च करण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. वरकस जमिनीत नाचणी-वरी घेणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांच्या पदरात तर या पद्धतीने काहीच टाकले नाही. ही उणीव नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि त्या सहकार्याचा एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते शेताच्या बांधावर घडत होते. देणारा आणि घेणारा एकाच चिखलात उभे होते. त्यामुळे काय उपयोगी पडते आणि काय पडत नाही, हे दोघांनाही एकाच हंगामात कळत होते. साठीच्या दशकाच्या अखेरीस खोपोलीसह काही केंद्रांना विस्तार केंद्रांचे स्वरूप देण्यात आले, म्हणजे पीक दाखविण्याच्या पुढे जाऊन ते ज्ञान पसरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. कृषी विस्ताराच्या प्रशिक्षणाशी खोपोलीचे नाव त्यानंतरही जोडलेले राहिले, आणि शेजारच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पुढे स्वतःच्या नावाची वाणे कोकणातल्या शेतकऱ्याच्या हाती दिली. बाहेरून आलेले ज्ञान येथे रुजू शकते, त्याला येथल्या मातीत फुटवा येऊ शकतो, याचा हा परिसर साक्षीदार आहे.

कर्जाचे युग

खोपोलीचे केंद्र सुरू होण्यापूर्वीच जपानी साहाय्याचा दुसरा, अधिक रुंद प्रवाह भारताकडे वळला होता. महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानने १९५४ मध्ये कोलंबो योजनेत प्रवेश केला. १९५७ साली जपानचे पंतप्रधान किशी भारतात आणि पंडित नेहरू जपानमध्ये जाऊन आले, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत १८ अब्ज येनांच्या कर्जाचा करार झाला. जपानने कोणत्याही देशाला सवलतीच्या दराने दिलेले हे पहिले येन कर्ज. आग्नेय आशियातील देशांना जपान युद्धाची भरपाई म्हणून पैसा देत होता. भारताशी भरपाईचा प्रश्न उरलेला नव्हता. म्हणजे विकासासाठी कर्ज घेणारा पहिला देश या नात्याने भारताने जपानच्या साहाय्यनीतीचा पायाच घातला, असे म्हटले तरी चालेल.

या नीतीमागची वृत्ती समजून घेतली पाहिजे. जपान फुकट देण्यापेक्षा कर्ज देणे पसंत करतो, अशी टीका पाश्चात्त्य देशांतून वारंवार झाली. तिला जपानचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून आलेले आहे. जपान हा एकेकाळी जागतिक बँकेचा मोठा ऋणको होता. टोकियो-ओसाका ही पहिली 'शिंकान्सेन' रेल्वे बांधताना त्याने १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलर घेतले. १९६४ मध्ये गाडी धावली. आणि या बँकेचे शेवटचे देणे जपानने फेडले ते १९९० मध्ये. ज्याला परतफेड करायची असते तो पैसा जपून वापरतो, हा त्या देशाचा सिद्धान्त असा स्वतः भोगलेल्या परिस्थितीतून आला आहे. स्वावलंबनाला साहाय्य, असे त्याचे सूत्र. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल?

पुढच्या काळात या सूत्राने महाराष्ट्रात बरेच काही उभे केले. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी खाली शहापूर तालुक्यात सोडून आणि पुन्हा वर चढवून २५० मेगावॉट वीज देणारा घाटघर प्रकल्प, मुंबईची भुयारी मेट्रो, अटल सेतू आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन यांमागे जपानी कर्ज आहे. संबंधांत चढउतारही आले. १९९१ च्या आर्थिक संकटात भारताने जवळजवळ सत्तेचाळीस टन सोने गहाण ठेवून परकीय चलन उभे केले, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडच्या जोडीला बँक ऑफ जपान होती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जपानने नवे साहाय्य गोठविले. २००१ मध्ये ही बंदी उठली, आणि त्यानंतर काही वर्षांतच भारत हा जपानी येन कर्जाचा सर्वांत मोठा मानकरी ठरला.

स्वस्त कर्जाची महागाई

बुलेट ट्रेनच्या कर्जाच्या अटी २०१५ मध्ये जाहीर झाल्या तेव्हा अनेकांनी त्यांचे वर्णन जवळजवळ फुकट असे केले. व्याज शेकडा एक दशांश, मुदत पन्नास वर्षे, पहिली पंधरा वर्षे मुद्दलाची फेड नाही. पतपेढीतून घरासाठी कर्ज काढणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला हा दर ऐकून हेवा वाटावा, हे साहजिक आहे. पण हे कर्ज फेडायचे आहे ते येनांत, आणि कमाई आहे ती रुपयांत. १९५८ मध्ये शंभर येनांना सुमारे एक रुपया तीस पैसे पडत. १९८५ मध्ये सुमारे पाच रुपये पडू लागले. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठ्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी येनाची किंमत वाढू देण्याचे ठरविले, आणि दहा वर्षांत शंभर येनांसाठी सुमारे पस्तीस रुपये मोजावे लागू लागले. २०१२ मध्ये हाच भाव पासष्टच्या पुढे गेला. नंतर येन घसरल्यामुळे तो थोडा उतरला. व्याजाचा दर कागदावर स्थिर राहतो. मुद्दल मात्र चलनाच्या भरती-ओहोटीवर तरंगत असते. शिवाय राज्यांना मिळणारी परकीय कर्जे २००५ पासून ज्या अटींवर येतात त्याच अटींवर पुढे दिली जातात, म्हणजे विनिमयाचा धोका राज्याच्या माथी येतो.

दुसरी अट खरेदीची. २००२ पासून जपानने आपल्या काही कर्जांसाठी अशी व्यवस्था केली की, अत्यल्प व्याजाच्या बदल्यात मालाचा व सेवांचा निदान तीस टक्के भाग जपानमधून घेतला जावा. यात लपवाछपवी नाही. आपल्या कारखान्यांना काम मिळावे आणि आपले तंत्र परदेशी रुजावे ही कोणत्याही सावकाराची इच्छा असते, आणि जपानी नागरिकाच्या करातून आलेल्या पैशाबद्दल त्यांच्या संसदेला जाबही द्यावा लागतो. दोष देणाऱ्याचा नाही. पण जे घेतले जाते ते दान नसून व्यवहार आहे, एवढे घेणाऱ्याने विसरू नये.

या परिसराला असा व्यवहार नवा नाही. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून वर गेलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे विलायती भांडवलावर बांधली गेली आणि त्या भांडवलाला शेकडा पाच टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेला फायदा होवो की न होवो, हमी हिंदुस्थानच्या करदात्याने भरायची होती. उलट १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला टाटांची वीजगृहे उभी राहिली तेव्हा देशी भांडवलाने काय होऊ शकते याचे दर्शन घडले. पण तीही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कर्जत-खालापूरच्या डोंगरावरून आणि दऱ्यांतून भांडवल नेहमीच गेले. ते कोठले होते हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला. कोणासाठी होते, हा प्रश्न मात्र क्वचितच.

मागणाऱ्याची यादी

जपानी साहाय्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि या लेखाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. दुसऱ्या देशाच्या कारभारात हात घालायचा नाही, या धोरणाला धरून जपानने दीर्घ काळ मागणीनुसार साहाय्य हे तत्त्व पाळले. घेणाऱ्या सरकारने प्रकल्प सुचवायचा, जपानने तो तपासायचा आणि मग कर्ज किंवा तज्ज्ञ द्यायचे. म्हणजे जपानी मदतीची यादी वाचली की जपानपेक्षा मागणाऱ्याचेच मन अधिक कळते. खोपोलीच्या काळात या देशाने ज्ञान मागितले, कारण पोट रिकामे होते. पुढे वीज मागितली, मग पूल, मेट्रो आणि अतिवेगवान गाडी मागितली. जे मागितले ते मिळाले. जे मागितले नाही ते मिळाले नाही.

काय मागितले गेले नाही, याचे उत्तर खालापूर तालुक्यातच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर समाजाची ही वाडी. खालून वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेल्या जवानांना आणि गावकऱ्यांना पावसात, अंधारात डोंगर चढावा लागला, आणि माती उपसण्याची यंत्रे वर पोहोचूच शकली नाहीत. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसांचा शोध थांबविण्यात आला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाकडूनच त्या वेळी सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी, २०२१ च्या जुलैत, याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये येथे असाच डोंगर खाली आला होता आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली होती.

आता याच तालुक्यातील दुसरे दृश्य पाहावे. २०१५ च्या जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली तेव्हा वाहतूक खोळंबली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, तज्ज्ञ आले आणि घाटातील कड्यांना लोखंडी जाळ्या लागल्या. ते योग्यच झाले. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात. पण रस्त्यावरचा डोंगर धोकादायक आहे हे ज्या शास्त्राने कळते, त्याच शास्त्राने वाडीवरचा डोंगरही कळतो. डोंगराला रस्ता आणि वाडी यांतला फरक समजत नाही. तो फरक माणसांनी केला.

आणि दरडीचे शास्त्र जगात कोणापाशी असेल, तर ते जपानपाशी आहे. डोंगरउतारावरची माती आणि दगडगोटे पावसाने खाली येऊ नयेत यासाठी त्या देशाने १८९७ मध्ये कायदा केला. १९९९ च्या जूनमध्ये हिरोशिमा भागात दरडींनी माणसे मारली तेव्हा दुसऱ्याच वर्षी आणखी एक कायदा आला. त्यानुसार प्रत्येक प्रांताने आपल्या डोंगरांची पाहणी करायची. जेथे धोका आहे तो भाग पिवळा आणि जेथे घरासह माणूस दबण्याचा संभव आहे तो लाल ठरवायचा. पिवळ्या भागात नकाशे वाटायचे व स्थलांतराची तयारी ठेवायची, लाल भागात बांधकामावर बंधने घालायची. अशी सहा लाखांहून अधिक ठिकाणे तेथे मुक्रर झालेली आहेत. एवढे करूनही २०१४ मध्ये हिरोशिमातच पुन्हा सत्तरहून अधिक माणसे दगावली, हे सांगितले पाहिजे. निसर्गापुढे कोणतेच शास्त्र पुरे पडत नाही. परंतु कोठे धोका आहे हे तेथल्या माणसाला आधी ठाऊक असते. इर्शाळवाडीच्या माणसाला ते ठाऊक नव्हते. डोंगराळ प्रदेशातील महामार्गांच्या बाबतीत जपानने भारताला असे तांत्रिक सहकार्य दिलेही आहे. ते मागितले गेले म्हणून मिळाले. वाड्यांसाठी कोणी मागितले?

दोन आक्षेप

यावर कोणी असे म्हणेल की, पूल आणि रेल्वे यांना नावे ठेवणे हे सुखवस्तूंचे काम आहे. कर्जतहून पहाटेची गाडी धरून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याला विचारा. हा आक्षेप खरा आहे. पनवेल ते कर्जत या सुमारे तीस किलोमीटरच्या दुहेरी उपनगरी मार्गाची वाट या भागाने वर्षानुवर्षे पाहिली. त्यासाठी वावर्ले येथे डोंगर फोडून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणण्यात आला. या मार्गाचा समावेश असलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला कर्ज आहे ते आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचे, जिच्यात सर्वांत मोठा भागधारक चीन, दुसरा भारत, आणि जपान सदस्यच नाही. म्हणजे कर्ज देणाऱ्यांत चढाओढ आहे आणि मागणाऱ्याला निवड करता येते. रेल्वे नको असे कोणीच म्हणत नाही. परंतु हा मार्ग ज्या चौक गावावरून जातो, त्याच चौकच्या परिसरात इर्शाळवाडीच्या वाचलेल्या माणसांना सिडकोने नवी घरे बांधून दिली आहेत, हेही विसरता येत नाही. एका डोंगराच्या पोटातून बोगदा नेण्याइतका पैसा, नकाशे आणि भूशास्त्रज्ञ जर या परिसरात आणता येतात, तर शेजारच्या डोंगराच्या उताराची पाहणी करण्याइतकेही ते आणता यायला हवे होते.

दुसरा आक्षेप असा की, दरडींसाठी परक्यांपुढे हात पसरण्याची गरज काय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, विद्यापीठे आहेत, उपग्रह आहेत. पैसाही नाही असे नाही. यातही तथ्य आहे. परंतु प्रश्न पैशाचा नसून सवयीचा आहे. जपानमध्ये या शास्त्राची खरी ताकद नकाशात नाही. नकाशा गावातल्या शाळेच्या भिंतीवर लागतो, शिक्षक तो मुलांना समजावतात, पावसाचे मोजमाप गावातच होते आणि अमुक मिलिमीटर झाला की कोणी, कोठे जायचे हे ठरलेले असते, यात ती आहे. ही सवय कर्जाने विकत मिळत नाही. ती खोपोलीच्या खाचरात जशी शिकविली गेली तशीच, शेजारी उभे राहून शिकावी लागते. म्हणूनच येथे सहकार्याला कर्जाहून निराळा अर्थ आहे.

मागावे काय?

जपानचे धोरणही आता बदलते आहे. १९९२ मध्ये प्रथम तयार झालेली आणि २००३ व २०१५ मध्ये बदललेली त्याची सनद २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा नव्याने लिहिली गेली. मागणीची वाट न पाहता जपानने आपण होऊन प्रस्ताव मांडावेत, असे तिच्यात म्हटले आहे. राष्ट्रहित हा शब्दही आता पूर्वीच्या संकोचाने उच्चारला जात नाही. चीनच्या वाढत्या प्रभावापुढे जपानने असे करावे हे स्वाभाविक आहे. पण त्याचा अर्थ घेणाऱ्याने ओळखला पाहिजे. ज्याच्या हाती स्वतःची यादी नाही, त्याला यापुढे देणाऱ्याची यादी वाचून दाखविली जाईल. आणि देणाऱ्याच्या यादीत मोठी यंत्रे, मोठे पूल आणि मोठ्या कंपन्या असणार हे उघड आहे. ठाकरवाड्या त्या यादीत आपण होऊन येणार नाहीत.

यादी करण्याचे काम मात्र मंत्रालयावर सोडून भागणार नाही. जपानच्या साहाय्यात लहान कामांसाठीही वाट आहे. वकिलातींमार्फत गावपातळीवरील संस्थांना शाळा, दवाखाने, पाणी अशा कामांसाठी थेट अनुदान देण्याची योजना १९८९ पासून चालू आहे. रक्कम पुलाच्या तुलनेत किरकोळ असते, पण ती परत करावी लागत नाही आणि तिच्यासाठी मागणी करावी लागते ती गावातल्याच संस्थेला. कर्जत-खालापूरमध्ये महाविद्यालये आहेत, शिक्षकांच्या संघटना आहेत, आदिवासी भागात वर्षानुवर्षे काम करणारे कार्यकर्ते आहेत. कोणत्या वाडीवर कोणता कडा झुकला आहे, कोठे पावसाळ्यात भेगा पडतात, कोठला झरा एकाएकी गढूळ होतो, हे तलाठ्याच्या दप्तरापेक्षा वाडीवरच्या शाळेतील शिक्षकाला आणि रानात जाणाऱ्या ठाकराला अधिक ठाऊक असते. हे ज्ञान एकत्र करून तालुक्याचा एक नकाशा झाला, तर शासनाच्या यादीतून पुन्हा एखादे नाव गळणार नाही. आणि त्या नकाशापुढे जपानी तज्ज्ञाला उभे केले, तर त्याला सांगण्यासारखे आणि येथल्या माणसाला विचारण्यासारखे पुष्कळ निघेल.

राज्य शासनाकडूनही एक अपेक्षा करता येईल. यापुढे सह्याद्रीच्या पट्ट्यातील कोणत्याही मोठ्या प्रकल्पासाठी परकीय कर्ज घेताना, त्याच करारात त्या परिसरातील डोंगरउतारांची पाहणी आणि वाड्यांना इशारा देण्याची व्यवस्था यांचा तांत्रिक सहकार्य म्हणून समावेश करावा, असा नियम शासनाने स्वतःच स्वतःला घालून घ्यावा. जपान अशा मागणीला नकार देईल असे मानण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये आपत्तींची हानी कमी करण्याचा जागतिक आराखडा मंजूर झाला तो जपानच्याच सेंदाई शहरात. जो देश हे ज्ञान जगाला देऊ इच्छितो, त्याच्याकडून केवळ पोलाद आणि डबे घेऊन परतणे हा करंटेपणा ठरेल.

साठ वर्षांपूर्वी खोपोलीत दोरी धरून लावणी शिकलेल्या शेतकऱ्याने जपानकडून कर्ज घेतले नव्हते. त्याने एक रीत घेतली, तिच्यातली सोयीची ठेवली, गैरसोयीची सोडून दिली, आणि कोणाचेही देणे न राहता ती मुलाच्या हाती दिली. अटल सेतूचे हप्ते ज्यांना भरावे लागतील त्यांतले कित्येक आज शाळेत आहेत. त्यांना तो पूल उपयोगी पडेल, यात शंका नाही. पण त्यांच्यापैकी जे इर्शाळगडासारख्या एखाद्या डोंगराखाली निजतात, त्यांच्यासाठी अजून काहीही मागितले गेलेले नाही, आणि पावसाळा दर वर्षी येतो.